आडवळणाचे बुद्धिबळ प्रारंभ: निवड, तयारी आणि बुडापेस्ट गॅम्बिटचा सराव

क्लब पातळीवर खेळणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. रुय लोपेझ, सिसिलियन किंवा क्वीन्स गॅम्बिट यांपैकी काहीही खेळायला घ्यावे, तर समोरच्याच्या पंधरा-पंधरा चाली पाठ असतात आणि आपला अभ्यास आठव्या चालीलाच संपतो. त्यावर उतारा म्हणून आडवळणाचा प्रारंभ शोधणे रास्त आहे, पण तो शोधताना ‘यात सापळे किती आहेत?’ एवढेच पाहिले जाते. खरे पाहायचे असते ते वेगळेच: प्रतिस्पर्ध्याने एकही चूक केली नाही, तर दहाव्या चालीला आपल्या हातात काय उरते? या प्रश्नाला बरे उत्तर देणारे प्रारंभ थोडे आहेत, आणि वेळ घालवण्याजोगे तेवढेच आहेत.

चाली लिहिताना पुढे मोहऱ्याचे नाव आणि घराचे नाव दिले आहे. नुसते घराचे नाव असेल तर ती प्याद्याची चाल समजावी. गुणिले चिन्ह म्हणजे मोहरे मारणे, अधिक चिन्ह म्हणजे शह, आणि आकड्यानंतर तीन टिंबे असतील तर ती काळ्याची चाल. दोन घोड्यांपैकी कोणता हे सांगायचे असेल तिथे ‘घोडा’नंतर त्याच्या उभ्या पट्टीचे अक्षर दिले आहे. लेख नुसता वाचून फारसे हाती लागणार नाही. पट मांडून किंवा मोबाइलवर पट उघडून प्रत्येक चाल करून पाहावी.

पहिली पायरी: उत्तम उत्तराची कसोटी

सध्या ऑनलाइन खेळात एंग्लंड गॅम्बिटची फार चलती आहे (गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच प्यादे देऊन त्याचा मोबदला मिळवू पाहणारा प्रारंभ). कसोटी कशी लावायची हे समजण्यासाठी त्याच्याइतके सोयीचे उदाहरण नाही. १. डी४ ई५ २. डी×ई५ घोडा सी६ ३. घोडा एफ३ वजीर ई७ ४. उंट एफ४ वजीर बी४+ ५. उंट डी२ वजीर×बी२. आता पांढऱ्याने वजिराला हुसकावण्याच्या नादात ६. उंट सी३ केले, की ६...उंट बी४ ७. वजीर डी२ उंट×सी३ ८. वजीर×सी३ वजीर सी१ मात. आठव्या चालीला घोड्याने उंट मारला, तर काळ्याचा वजीर ए१ वरचा हत्ती शह देऊन खातो. हा सापळा देखणा आहे यात वाद नाही, आणि वीस-पंचवीस सेकंदांत चाल करणारा माणूस त्यात सापडतोही.

पण पांढऱ्याने ६. घोडा सी३ एवढी साधी चाल केली, तर चित्र पालटते. ६...उंट बी४ ७. हत्ती बी१ वजीर ए३ ८. हत्ती बी३ आणि वजिराला पळावे लागते. ए२ वरचे प्यादे मारता येत नाही, कारण सी३ वरच्या घोड्याचा त्यावर पहारा आहे. ८...वजीर ए५ ९. ई४ अशी स्थिती आली की मोजदादीने प्यादी सारखीच असतात, परंतु पांढऱ्याची मोहरी बाहेर पडलेली असतात आणि काळ्याने मात्र वजीर फिरवण्यात चार-पाच चाली घालवलेल्या असतात. म्हणजे ज्या दिवशी प्रतिस्पर्ध्याला ही एक चाल ठाऊक असेल, त्या दिवशी डाव सुरू होण्याआधीच आपण मागे पडतो. तीन मिनिटांच्या डावांत करमणूक म्हणून एंग्लंड जरूर खेळावा. नव्वद मिनिटांच्या स्पर्धेच्या डावात त्याच्यावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही प्रकार तर कसोटीपर्यंतही पोचत नाहीत. मार्च २०२१ मध्ये मॅग्नस कार्लसन आणि हिकारू नाकामुरा यांनी एका ऑनलाइन स्पर्धेत १. ई४ ई५ २. राजा ई२ राजा ई७ असे खेळून लगेच बरोबरी केली होती. दोघांचा पुढच्या फेरीतला प्रवेश आधीच पक्का झाला होता, म्हणून ती थट्टा परवडली.

दुसरी पायरी: पहिली चाल विक्षिप्त, पण पुढच्या चाली?

१९८० साली स्वीडनमधील स्कारा येथे युरोपियन सांघिक अजिंक्यपद स्पर्धेत इंग्लंडच्या टोनी माइल्सने तेव्हाचा जगज्जेता अनातोली कार्पोव याच्या १. ई४ ला १...ए६ असे उत्तर दिले आणि ४६ चालींत डाव जिंकला. हा किस्सा नेहमी ‘काहीही खेळले तरी चालते’ याचा पुरावा म्हणून सांगितला जातो. डाव लावून पाहिला तर अर्थ उलटा निघतो. २. डी४ बी५ ३. घोडा एफ३ उंट बी७ ४. उंट डी३ घोडा एफ६ ५. वजीर ई२ ई६ ६. ए४ सी५ ७. डी×सी५ उंट×सी५. पहिली चाल सोडली, तर काळ्याच्या प्रत्येक चालीला शास्त्रशुद्ध कारण आहे. बी७ वरचा उंट आणि एफ६ वरचा घोडा दोघेही ई४ च्या प्याद्यावर रोखलेले आहेत. सी५ ने पांढऱ्याचे केंद्र फोडले. दुसरा उंट एका चालीत चांगल्या कर्णावर आला. माइल्सचा विक्षिप्तपणा एका चालीपुरता होता आणि नंतर तो नेटके बुद्धिबळ खेळत होता.

याच्या उलट बाजूचा डाव १९७० सालचा आहे. बेलग्रेडमध्ये सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग असा सामना झाला. पहिल्या पटावर बेंट लार्सनने जगज्जेत्या बोरिस स्पास्कीविरुद्ध आपली लाडकी १. बी३ खेळली आणि १७ चालींत डाव गमावला. १...ई५ २. उंट बी२ घोडा सी६ ३. सी४ घोडा एफ६ ४. घोडा एफ३ ई४ ५. घोडा डी४ उंट सी५ ६. घोडा×सी६ डी×सी६. एकच घोडा तीन वेळा हलवून पांढऱ्याने तो बदलून टाकला आणि त्या अवधीत काळ्याची मोहरी भराभर बाहेर आली. पुढे १०. एफ४ या चालीने राजाभोवतीची घरे उघडी पडली आणि स्पास्कीने १४...हत्ती एच१ असा हत्तीचा बळी देऊन डाव संपवला. बी३ ही चाल बिचारी निर्दोष आहे. आजही अनेक ग्रँडमास्टर ती खेळतात.

म्हणून कोणताही अनवट प्रारंभ निवडताना त्याच्या पहिल्या आठ चाली लिहून काढाव्यात आणि प्रत्येकीसमोर तिचे काम लिहावे: केंद्रावर दाब, मोहरे बाहेर काढणे, राजाचा किल्लेकोट. ज्या चालीसमोर ‘सापळा’ याशिवाय काहीच लिहिता येत नाही, अशा चाली दोनपेक्षा जास्त निघाल्या तर तो प्रारंभ बाजूला ठेवावा.

तिसरी पायरी: तो पटावर येणार किती वेळा?

ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि म्हणूनच वगळली जाते. ओवेन बचाव म्हणजे १. ई४ ला १...बी६, पांढऱ्याच्या पुढच्या चाली कोणत्याही असोत, तो आपल्याला हवा तेव्हा खेळता येतो. निम्झोविच बचावाचे, म्हणजे १. ई४ घोडा सी६ याचे तसे नाही. पांढऱ्याने २. घोडा एफ३ केले आणि आपण २...ई५ म्हटले, की आपण पुन्हा त्याच मळलेल्या वाटेवर येतो, जी टाळण्यासाठी हा खटाटोप होता. बुडापेस्टला, म्हणजे १. डी४ घोडा एफ६ २. सी४ ई५ याला, पांढऱ्याने दुसऱ्या चालीला सी४ खेळणे आवश्यक असते. २. घोडा एफ३ किंवा लंडन पद्धतीची २. उंट एफ४ आली, तर ई५ चे घर पांढऱ्याच्या ताब्यात जाते आणि गॅम्बिट विसरावे लागते. आजकाल लंडन पद्धत इतकी पसरली आहे की नुसत्या बुडापेस्टवर काळ्याची तयारी संपली असे समजणारा फसतो. त्या दोन चालींसाठी २...जी६, उंट जी७, किल्लेकोट आणि डी६ ही एकच मांडणी तयार ठेवावी; दोन्हींविरुद्ध ती चालते.

प्रसंगाने आले म्हणून सांगतो, ही जी६ ची मांडणीसुद्धा एके काळी युरोपीय खेळाडूंना आडवळणाचीच वाटत होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन या स्कॉटिश खेळाडूविरुद्ध महेशचंद्र बॅनर्जी अशा पद्धतीने खेळत असत. आपल्याकडच्या जुन्या नियमांत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जात असे, त्यामुळे उंटाला कोपऱ्यातून मोठ्या कर्णावर आणण्याची सवय इथल्या खेळाडूंच्या हाताला होती. पुढे या घराण्यातल्या बचावांना ‘इंडियन’ हेच नाव पडले.

चौथी पायरी: एक प्रारंभ मुळापासून

आता प्रत्यक्ष तयारी. मी उदाहरणासाठी बुडापेस्ट गॅम्बिट घेतो, कारण तो पहिल्या पायरीच्या कसोटीला उतरतो. १. डी४ घोडा एफ६ २. सी४ ई५ ३. डी×ई५ घोडा जी४. काळ्याने दिलेले प्यादे तो बहुतेक वेळा परत मिळवतो, आणि अडकून राहिलेली मोहरी त्याच्याकडे सहसा नसतात. बिनचूक खेळापुढे पांढऱ्याकडे थोडीशी बढत राहते, ती मान्य करूनच पुढे जावे.

याचा इतिहास १८९६ पर्यंत मागे जातो, पण त्याला नाव मिळाले ते १९१८ च्या बर्लिनमधल्या चार खेळाडूंच्या स्पर्धेत. मिलान विदमारने १. डी४ ला काय उत्तर द्यावे असे हंगेरीच्या इस्तवान आबोनीला विचारले, आबोनीने त्याला हा गॅम्बिट दाखवला, आणि विदमारने त्याच्या जोरावर थेट आकिबा रुबिनस्टाइनला २४ चालींत हरवले. डी४ खेळण्यात रुबिनस्टाइनचा हात धरणारे त्या काळी फार थोडे होते.

पांढऱ्याची उत्तरे तीन, आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा.

सर्वांत टणक उत्तर ४. उंट एफ४. पांढरा ई५ चे प्यादे धरून ठेवू पाहतो. ४...घोडा सी६ ५. घोडा एफ३ उंट बी४+ असे खेळावे. इथे पांढऱ्यापुढे दोन वाटा आहेत. ६. घोडा सी३ केल्यास उंटाने तो घोडा मारावा. पांढऱ्याची सी३ आणि सी४ ही प्यादी एकाच पट्टीवर येतात. मग वजीर ई७ करून ई५ वर दाब आणावा, आणि पांढऱ्याने वजीर डी५ करून प्यादे राखलेच तर एफ६ करून ते खरोखरच देऊन टाकावे. ई×एफ६ घोडा×एफ६ नंतर काळा एका प्याद्याने कमी असतो, पण त्याच्या घोड्याला ई४ आणि तिथून सी५ असे ठाण मिळते, जिथून त्याला कोणतेही प्यादे हुसकावू शकत नाही. विदमारचा डाव याच वळणाने गेला.

दुसरी वाट ६. घोडा बीडी२ वजीर ई७. आता पांढऱ्याने ७. ए३ केले तर उंट मागे घेऊ नये, ७...घोडा जी×ई५ खेळावे. ८. ए×बी४ मारले तर ८...घोडा डी३ मात. ई२ चे प्यादे घोड्याला मारू शकत नाही, कारण ते ई७ वरच्या वजिरासमोर जखडलेले आहे. हा किनिंगर सापळा. पण एंग्लंडच्या सापळ्याहून तो एका बाबतीत वेगळा आहे. पांढऱ्याने तो ओळखला आणि ८. घोडा×ई५ घोडा×ई५ ९. ई३ उंट×डी२+ १०. वजीर×डी२ असे खेळला, तरी काळ्याचे काहीही बिघडत नाही. पांढऱ्याकडे दोन उंट आहेत, म्हणून तो किंचित वरचढ. काळ्याने डी६, किल्लेकोट, बी६ आणि उंट बी७ करून शांतपणे खेळावे. ज्या सापळ्यासाठी आपल्याला एकही वाकडी चाल करावी लागत नाही, तोच बाळगण्याजोगा.

माझ्या मते बुडापेस्टचा खरा आनंद ४. घोडा एफ३ या दुसऱ्या उत्तरात आहे. ४...उंट सी५ ने एफ२ वर दुहेरी मारा येतो आणि ५. ई३ जवळजवळ सक्तीची होते. त्यामुळे पांढऱ्याचा काळ्या घरांवरचा उंट घरातच कोंडला जातो. ५...घोडा सी६ ६. उंट ई२ घोडा जी×ई५ ७. घोडा×ई५ घोडा×ई५ ८. घोडा सी३, मग दोघांचे किल्लेकोट आणि काळ्याचा हत्ती ई८ वर. इथे काळ्याची एक खास योजना आहे, जी दुसऱ्या प्रारंभांत क्वचितच दिसते. ए५ खेळावे, त्याने बी४ ची आगेकूच थोपते. नंतर हत्ती ए६, आणि तोच हत्ती सहाव्या रांगेवरून सरळ जी६ किंवा एच६ वर, पांढऱ्या राजाच्या दारात. यासाठी एक पथ्य कडक पाळावे लागते: हत्ती पलीकडे पोचेपर्यंत डी७ चे प्यादे हलवायचे नाही. सवयीने डी६ केले की सहावी रांग बंद होते आणि हत्ती ए६ वर अडकून बसतो. हत्ती एच६ वर गेला, वजीर एच४ वर आला, की मगच डी६. आता सी८ वरचा उंट मोकळा होतो आणि पांढऱ्याने एच३ केले असेल तर तिथे बळी देण्याची धमकीही तयार असते. पांढऱ्याने घोड्याने सी५ च्या उंटाचा पाठलाग केला तर उंट एफ८ वर आणावा. हत्ती आधीच ई८ वर गेल्याने ते घर रिकामे असते. पांढऱ्याने एफ४ करून ई५ चा घोडा हटवला तर घाबरू नये, कारण ई३ चे प्यादे त्याच क्षणी कमजोर झालेले असते.

तिसरे उत्तर ४. ई४, जे माजी जगज्जेता अलेखाइन खेळत असे. ४...घोडा×ई५ ५. एफ४ घोडा ई-सी६ ६. उंट ई३ उंट बी४+. पांढऱ्याने भरपूर जागा बळकावली आहे, पण प्यादी पुढे गेल्यामुळे ई४ ची राखण करणे त्याला जड जाते. काळ्याने लवकर किल्लेकोट करून हत्ती ई-पट्टीवर आणावा. घाईने प्यादे खायला धावू नये. आणि पांढऱ्याने गॅम्बिट न स्वीकारता ३. डी५ केले तर ३...उंट सी५ ने काळ्याला विनासायास चांगला खेळ मिळतो. त्यावर अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही.

पाचवी पायरी: सराव

लीचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर फुकट ‘स्टडी’, म्हणजे चालींची वही, तयार करता येते. वरच्या प्रत्येक शाखेचे स्वतंत्र प्रकरण करावे आणि चालींखाली मराठीतच दोन ओळींची टीप लिहावी. ‘हत्ती जाईपर्यंत डी६ नाही’ अशी टीप दहा संगणकीय चालींहून उपयोगी पडते. त्याच संकेतस्थळावरच्या ओपनिंग एक्सप्लोररमध्ये रेटिंगचा गट निवडून आपल्या पातळीचे खेळाडू प्रत्यक्षात काय खेळतात ते पाहता येते. ग्रँडमास्टर जे खेळतात ते आपल्यासमोर येईलच असे नाही, म्हणून तयारीचा वेळ त्या प्रमाणात वाटावा.

त्यानंतर डाव खेळावेत, पण एक-दोन मिनिटांचे नव्हे. किमान दहा मिनिटांचे, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या चालीनंतर विचार करायला फुरसत राहील. डाव संपल्यावर इंजिन (चालींचे मूल्यमापन करणारा संगणकीय प्रोग्राम) लगेच लावू नये. आधी आपणच ठरवावे की कुठल्या चालीला आपली ओळखीची वाट संपली, आणि मग इंजिनला तेवढेच विचारावे. काळ्याकडून खेळताना इंजिनने पांढऱ्याला अर्ध्या प्याद्याची बढत दाखवली तर गॅम्बिट टाकून देऊ नये. तेवढी बढत माणसांच्या डावात दोन चालींत इकडची तिकडे होते. सव्वा-दीड प्याद्यापर्यंत आकडा गेला, तर मात्र ती शाखा बदलावी.

सहावी पायरी: समोरचाच आडवळणाला गेला तर

इथे राग येणे हा मोठा शत्रू. १. जी४ पाहून अनेकांना ते प्यादे ताबडतोब खाण्याचा मोह होतो: १...डी५ २. उंट जी२ उंट×जी४ ३. सी४. आता ३...सी६ ४. सी×डी५ सी×डी५ ५. वजीर बी३ आणि बी७ व डी५ ही दोन्ही प्यादी एकदम धोक्यात. झुरिकच्या हेन्री ग्रोबने आयुष्यभर हाच मासा गळाला लावला. २...सी६ करून केंद्र भक्कम करावे, मग ई५, आणि जी४ चे प्यादे आपोआप ओझे होते.

१. बी४ ला १...ई५ २. उंट बी२ उंट×बी४ ३. उंट×ई५ घोडा एफ६ हे सरळ उत्तर आहे. काळ्याने केंद्रातले प्यादे देऊन कडेचे घेतले, हे खरे. पण त्याचे दोन मोहरे बाहेर आले आणि किल्लेकोट एका चालीवर आला. या प्रारंभाला ओरांगउटान म्हणतात, कारण १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेदरम्यान तार्ताकोवरने प्राणिसंग्रहालयातल्या सुझन नावाच्या ओरांगउटानला भेट दिल्यानंतर तो मारोत्सीविरुद्ध खेळला.

बातमी फुटल्यावर

स्पर्धांचे डाव आता डेटाबेसमध्ये जातात, त्यामुळे दोन-तीन स्पर्धांनंतर आपण बुडापेस्ट खेळतो हे कळतेच. अशा वेळी ३...घोडा ई४ हा फायारोविच प्रकार राखीव ठेवता येतो. त्यात काळा प्यादे लगेच मागत नाही. उंट बी४+, डी६ आणि वजीर ई७ अशा झपाट्याने मोहरी काढतो. पांढऱ्याचे चोख उत्तर ४. ए३ हे आहे, कारण त्याने बी४ चा शहच बंद होतो. म्हणून हा प्रकार दर डावाला काढू नये. ज्याने आपल्या ३...घोडा जी४ साठी घरून तयारी करून आणली असेल अशी शंका असेल, त्याच्यासमोरच तो वापरावा. आणि ४. ए३ आलेच, तर ४...घोडा सी६ ५. घोडा एफ३ डी६ खेळून प्याद्याचा नाद सोडावा आणि खुल्या पट्ट्यांवर लक्ष ठेवावे.